अर्धीच मागितलेली दुआ

सौदा झाला गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी. रक्कम चार लाख दहा हजार रुपये, त्यातला एक लाख इसार तिथल्या तिथं रोख. हजर तिघं – मोसंबीच्या बागेचे मालक लक्ष्मणआबा, आमच्या गेवराईचे दलाल गफूरचाचा आणि मी. माझा मेहुणा हमीद या व्यवहारात माझा भागीदार होता, पण त्या दिवशी तो हजर नव्हता.

हे आधीच लिहून टाकलं, कारण या प्रकाराबद्दल मोबाइलवर जे फिरतंय त्यात एकही गोष्ट बरोबर नाही. कुणी म्हणतं बाग आमच्या मालकीची होती, कुणी म्हणतं आम्ही बांधावर काहीतरी पुरलं होतं. एका मेसेजमध्ये तर मीच हात वर करून गारा पाडल्यात... माझं नाव सलीम, धंदा फळांचा, वय पन्नाशीच्या पुढे. गावाचं नाव सांगत नाही, उमापूरच्या बाजूचं आहे एवढं पुरे. तिथं मला पुन्हा माल घ्यायला जायचं आहे. अर्थात त्यांनी येऊ दिलं तर.

मी अशा गोष्टी मानणारा माणूस नाही. नमाज पढतो, रोजे धरतो, जकात शेवटच्या रुपयापर्यंत हिशेबानं काढतो. पण ताईत, फुंकलेलं पाणी, अंगात येणं, असलं काही माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. दुआचंही तेच. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – नमाज ठरलेली असते, अरबीतली, सगळ्यांची सारखी. दुआ ज्याची त्याची. ओंजळीत पाणी घ्यावं तसे हात समोर धरायचे आणि आपल्या भाषेत आपलं मागायचं. माझी दुआ अर्ध्या मिनिटात संपते. आई-वडिलांना माफी, पोरांना अक्कल, घराला आजार नको. हात तोंडावरून फिरवला की मी कामाला मोकळा. मागितल्यानं मनाला बरं वाटतं हे मला मान्य आहे. मागितल्यानं जगात काही इकडचं तिकडे होतं, हे मी कधीच मानलं नव्हतं.

हमीद माझ्या बायकोचा, रुखसानाचा, सख्खा धाकटा भाऊ. माजलगावला हातगाडीवर फळं विकायचा. त्याची दुआ म्हणजे बाजारची यादी. टायर पंक्चर झालं तरी हात वर, आणि तेही मोठ्यानं, डोळ्यांत पाणी आणून. दात दुखतोय तर कोणता दात तेसुद्धा सांगणार. मी एकदा म्हणालो होतो, "पत्ता सांगितलास, पिनकोड राहिला." तो हसला नाही. मला तो माणूस पहिल्यापासून आवडत नाही, हेही लिहून ठेवतो. भागीदारीत घेतला तो रुखसानाच्या आग्रहामुळे. त्यानं एक लाख घालायचे आणि बाग राखायची, बाकी पैसा आणि विक्री माझी, नफा निम्मा-निम्मा.

आमच्या धंद्यात फळ झाडावर असतानाच बाग घेतात. एकदा इसार दिला की झाडावरचं फळ आमचं. गळलं तर आमचं गळलं, चोरीला गेलं तर आमचं गेलं, गारांनी झोडपलं तरी मालक पैसे कमी करत नाही. तोडणीच्या दिवशी उरलेली रक्कम चुकती करायची आणि माल काढायचा. शिवाय मालक चार-दोन झाडं घरासाठी सोडून घेतो, लेकीबाळींना पाठवायला. लक्ष्मणआबांनी पाच झाडं सोडून घेतली. ती एका ओळीत नव्हती. सौद्याच्या दिवशी ते बागेत फिरले, आणि जे झाड ठेवायचं त्याच्या खोडावर हात ठेवत गेले. एक विहिरीजवळ, एक पुढे आमची राखणीची खोप झाली तिच्यामागे, दोन मधल्या ओळींत, एक पश्चिमेच्या अंगाला, बांधापासून चार ओळी आत. मोठी म्हणून नाही, गोड म्हणून निवडली. खोडाला चुन्याचा पट्टा मारायचा असतो, पण चुना नव्हता. आबा म्हणाले, तोडणीच्या दिवशी पुन्हा दाखवतो. आबांचा शब्द म्हणजे शब्द, मी मान डोलावली. हमीदला मी एवढंच सांगितलं की पाच झाडं आपली नाहीत. कोणती ते मुद्दाम सांगितलं नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला फळं वाटणारा माणूस. सांगितलं असतं तर ‘आबांचीच आहेत’ म्हणून तीच वाटून टाकली असती. गफूरचाचा त्याच आठवड्यात उमऱ्याला मक्केला गेले, ते ईदपर्यंत तिकडेच. म्हणजे ती झाडं कोणती, हे गावात फक्त आबांना आणि मला माहीत होतं.

मार्चमध्ये रमजान लागला. तोडणीचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या दिवशी मी टेम्पो घेऊन बागेत गेलो. इफ्तार तिथंच करायचं ठरलं. फळ भरलेलं होतं, पिवळटपणा धरला होता. अजून दोन दिवस हवा चांगली राहिली असती की वर्ष निघालं होतं.

पण दुपारनंतर पश्चिमेला आभाळ भरून आलं. ते पावसाचं काळं नव्हतं. खालून पिवळसर, वरून शिसवी. वारा एकदम पडला. शेतकरी माणसाला हे आभाळ सांगावं लागत नाही.

बांधाला बांध लागून पूर्वेला बबनचं रान. त्यानं रमजान डोळ्यांसमोर ठेवून टरबूज लावलं होतं. आठवड्यापूर्वी मला माल घ्या म्हणून विचारलं होतं, मी भाव सांगितला, तो त्याला अपमान वाटला आणि आमचं बोलणं तुटलं होतं. हमीदशी मात्र त्याचं जमायचं. त्या संध्याकाळी तो किटलीत दूध घेऊन आला, माझ्याकडे न बघता बाजेच्या कडेला बसला आणि आभाळाकडे बघत राहिला. मग हमीदला म्हणाला, "आमच्यासाठी बी माग बे. म्हनावं, बबनचं टरबूज पंधरा दिस सांभाळ, मंग काय पाडायचं ते पाड."

"मागतो ना, नाना," हमीद म्हणाला.

बांग झाली. आम्ही खजूर तोंडात टाकला, पाणी घेतलं. रोजेदारानं रोजा सोडताना मागितलेली दुआ परत जात नाही असं आमच्यात मानतात. मी माझी नेहमीची अर्ध्या मिनिटाची मागितली. हमीदनं हात वर केले आणि मोठ्यानं, आमच्या घरच्या दखनीत सुरू झाला. "या अल्लाह, हमारे आसपास गिरा, हमारे उपर नक्को." पुन्हा तेच. आवाज भरून आला होता. बबन ऐकत होता. दखनी त्याला माझ्याइतकीच कळते.

तेवढ्यात खोपीच्या पत्र्यावर पहिली गार वाजली. टेम्पोत अंथरायला आणलेला पेंढा बाहेर उघडा पडला होता. मी हमीदला दंडाला धरून उठवलं, म्हणालो, आटप, ताडपत्री टाक. तो उठला. बबन डोक्यावर किटली धरून त्याच्या रानाकडे पळाला.

पुढची पंधरा-वीस मिनिटं पत्र्याखाली आम्हाला एकमेकांचा आवाज ऐकू येत नव्हता. लिंबाएवढ्या गारा, काही त्याहून मोठ्या. थांबल्या तेव्हा अंधार पडला होता आणि शेजारच्या रानांतून चुरगळलेल्या पाल्याचा उग्र वास येत होता. मी बॅटरी घेऊन बाहेर निघालो, पण बागेत जायचं धाडस झालं नाही. चार लाख दहा हजारांचं काय झालं ते उजाडल्यावर बघू, असं ठरवून आत आलो.

सकाळी बघितलं तर आमची बाग जशीच्या तशी होती.

मी आधी बांधानं सगळा वेढा घातला. पूर्वेला बबनचं टरबूज फुटून लाल चिखल झालेला. उत्तरेला गहू आडवा. दक्षिणेला कांद्याची पात चेचलेली. पश्चिमेला बोरीचं झाड पार नागडं. आणि आमच्या झाडांची पानंसुद्धा धड. मला आनंद झाला, हे लपवत नाही. आश्चर्य फारसं वाटलं नाही. गार पट्ट्यानं पडते. रस्त्याच्या एका बाजूचं सगळं गेलं आणि दुसऱ्या बाजूचं धुळीसकट राहिलं, असं मी स्वतः पाहिलं आहे. उलट मनात हाच हिशेब चालला होता की आजूबाजूचा माल गेला, म्हणजे आता भाव चढणार.

मग मी खोपीच्या मागे गेलो.

तिथलं झाड उभं होतं, पण त्यावर पान नव्हतं. खाली फळांचा सडा, सगळी फुटलेली. फांद्यांच्या फक्त वरच्या बाजूला साल सोलून निघालेली. शेजारचं झाड त्याला इतकं लागून होतं की दोघांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या. त्या गुंत्यात एका झाडाची डहाळी चेचलेली आणि तिला खेटून दुसऱ्याची डहाळी हिरवीगार, फळासकट. मी दोन्ही डहाळ्या हातात धरून उभा राहिलो. कारण हे झाड कोणतं ते मला माहीत होतं.

विहिरीजवळ गेलो. तेच. मधल्या ओळींत दोन. तेच. पश्चिमेच्या अंगाचं पाचवं. पाचही आबांची. सहावं एकही नाही.

मी परत येईपर्यंत आबा बागेत आले होते. जानेवारीत फिरले होते तसेच फिरले, प्रत्येक खोडावर हात ठेवत. पाचव्या झाडाजवळून हात काढला आणि म्हणाले, "माझीच, सलीमभाई?"

मी म्हणालो, "आबा, गारांना काय कळतं कुणाचं झाड कोणतं."

"तेच इचारतोय मी. गारांला कसं कळलं?"

मी शपथ घेतली की हमीदला ही झाडं दाखवलेली नाहीत. आबांनी ऐकून घेतलं. पण चौदा वर्षांच्या व्यवहारात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे दलालाच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. रात्री कुणी काठीनं झोडपलं असेल का, असं मीच सुचवलं. त्यांनी वरून सोललेली फांदी दाखवली आणि बाहेर गेले.

हमीद खोपीत होता. पहाटे सहरीला, रोजा धरण्याआधीच्या जेवणाला, उठला तेव्हाही पाण्याच्या घोटापलीकडे काही घेतलं नव्हतं, आता भिंतीला टेकून बसला होता. झाडांचं मी त्याला सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. त्याचं वेगळंच चाललं होतं. म्हणाला, मी अर्धीच मागितली.

ती दुआ त्याची स्वतःची नव्हती. पाऊस डोईजड झाला तेव्हा पैगंबरांनी मागितलेली म्हणून आमच्यात माहीत असलेली ती दुआ आहे. पहिल्या भागाचा अर्थ तोच, आमच्या आसपास, आमच्यावर नको. पण ती तिथं संपत नाही. पुढे जागा सांगितलेल्या आहेत – टेकड्यांवर, डोंगरांवर, ओढ्यांच्या पोटात, रानझाडांच्या मुळांशी. म्हणजे आसपास कुणाचं घर-शेत असेल तर त्याच्यावरही नको, माळावर जाऊ दे. हमीद पहिला भाग दोनदा म्हणाला, दुसऱ्याला सुरुवात करणार तोच मी त्याला उठवलं. बबनचं नावही त्याच्यापुढे घ्यायचं होतं, तेही राहिलं.

"तुम्हीच उठवलं," तो म्हणाला.

मी चिडलो. म्हणालो, मी ताडपत्री टाकायला उठवलं. अल्लाह म्हणजे काय तहसीलमधला कारकून आहे, अर्ज अपुरा म्हणून परत पाठवायला?

"परत कुठं पाठवला?" हमीद म्हणाला. "मंजूर केला. जेवढा लिहिला होता तेवढा."

मी त्याला बजावलं की हे वाक्य या खोपीच्या बाहेर काढायचं नाही. बाहेर चार रानं झोपली आहेत, आपली एकटी उभी आहे आणि लोकांना कारण हवं आहे. तू तोंड उघडलंस तर कारण तू होशील, आणि मग फळ राहू दे, आपण दोघं धड घरी जाणार नाही. त्यानं मान खाली घातली. त्यालाच मी हो धरलं, ती माझी चूक.

तोडणीची माणसं आली, पण मालासाठी बोलावलेले बाकीचे टेम्पो आत येईनात. बागेतून सडकेला जाणारी गाडीवाट बबनच्या रानाच्या कडेनं जाते. तिथं त्यानं ट्रॅक्टर आडवा लावला होता. मी गेलो तेव्हा पंधरा-वीस माणसं जमली होती. आबा एका बाजूला उभे होते, आमच्या बाजूला नाही. पश्चिमेला आदल्या दिवसासारखंच आभाळ पुन्हा भरत होतं. गारा एकदा आल्या की दोन-तीन दिवस येतात. म्हणजे फळ आज निघालं तर निघालं.

बबन म्हणाला, ह्या वाटेनं एक फळ जाणार नाही. त्यानं काल कानानं ऐकलेलं सगळ्यांना सांगितलं होतं. मागून कुणीतरी करणी हा शब्द काढला. दुसरा म्हणाला, मोबाइलवर रेकॉर्डिंग पाहिजे होतं. मी शांतपणे सांगायला लागलो की गार पट्ट्यानं पडते, मागं अमुक गावात असंच झालं होतं. शेवटी म्हणालो, "बबनराव, दुवेनं गार पडत नाही न् दुवेनं थांबत नाही. माझा स्वतःचा त्याच्यावर विश्वास नाही."

"मग त्याला इचारू," बबन म्हणाला.

हमीद माझ्यामागे येऊन उभा राहिला होता, मला कळलंही नव्हतं.

बबननं विचारलं, "काल माझ्यासाठी काय मागितलंस, बे?"

"न्हाई मागितलं, नाना. राहून गेलं."

"आन् तुमच्यासाठी?"

आणि त्यानं सांगितलं. अर्धी कशी मागितली, राहिलेली कशी आहे, सगळं. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही असं लोक कौतुकानं म्हणतात. त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बबन ट्रॅक्टरवरून उतरला, हमीदच्या पुढे आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मंग आता माग. माझ्यादेखत. आसपासचं झालं, आता मधलं पाड म्हन. हिशेब बरोबर व्हईल."

कुणी हसलं नाही. सगळे आभाळाकडे बघून हमीदकडे बघायला लागले. मी वाट बघत होतो की आबा काही बोलतील. आबाही हमीदकडेच बघत होते.

हमीदनं डोळे मिटले आणि हात वर केले.

आता पुढचं लिहायला मला सगळ्यात अवघड जातंय. पंधरा-वीस माणसांसमोर, पाच मिनिटांपूर्वी जे बोललो ते बोलून झाल्यावर, मी पुढे झालो आणि हमीदची दोन्ही मनगटं धरली. नुसती धरली नाहीत, खाली ओढली. तो किरकोळ अंगाचा, त्यात रोजा, पण हात खाली येईनात. मी सगळा जोर लावला तेव्हा आले. डोळे मात्र त्यानं उघडले नाहीत आणि ओठ हलतच राहिले. दुआला हात लागत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बबन म्हणाला, "का हो सलीमभाई? तुमचा तर इस्वास न्हाई म्हनं."

मी मनगटं सोडली.

आबा पुढे आले. म्हणाले, "बबन, ट्रॅक्टर काढ. जाऊ दे ह्यांला. आन् ह्याच्यापुढं ह्या शिवारात कुनी ह्या पोराला काय बी मागायला लावायचं न्हाई. कुनाच्या चांगल्याचं न्हाई, वाइटाचं बी न्हाई."

यात माया नव्हती. तुटलेल्या तारेपासून पोरांना लांब ठेवताना जो आवाज निघतो, तो होता. ट्रॅक्टर निघाला. लोक बाजूला झाले, पण हमीदपासून जरा जास्तच बाजूला.

दिवसभर तोडणी चालली. एरवी तोडणीला गाणी असतात, चेष्टा असते. त्या दिवशी बायकांनी हमीदच्या माठातलं पाणीसुद्धा घेतलं नाही, घरून आणून प्यायल्या. दुपारी आभाळ पार डोक्यावर आलं, वारा पडला, आणि प्रत्येक जण हातातलं फळ तसंच धरून हमीदकडे बघत उभा राहिला. तो पेंढा पसरत होता. त्यानं वर बघितलंही नाही. आभाळ गेलं. त्या दिवशी गार ना आमच्यावर पडली, ना कुणावर. त्यातून काय काढायचं ते मला समजत नाही, म्हणून मी काही काढत नाही.

हमीद त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही. ईदला घरी आला, बहिणीला भेटला, माझ्या हातात हात न देता गेला. रुखसानाला म्हणाला, माणसं दुआ मागत नाहीत, मागणाऱ्याला हसतात, ते चालतं. पण मागणाऱ्याचे हात धरणारा आपण पहिलाच पाहिला. तिनं विचारलं की त्या वेळी नक्की काय मागत होतास. आमच्या नुकसानीचं, की राहिलेली अर्धी? तो म्हणाला, ते माझं आणि त्याचं.

मी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, दुआ म्हणजे हुकूम नव्हे, हमीदवर काही दोष येत नाही. हात धरलेत ते मात्र बरं केलं नाहीत. शेतीखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. त्यानं गारांच्या पट्ट्याबद्दल मला माहीत होतं तेच सांगितलं. पाच झाडांचं सांगितल्यावर म्हणाला, तुमच्या बघण्यात काही चूक झाली असेल. मी बघण्यात चुका करून या धंद्यात तीस वर्षं टिकलो नसतो. गफूरचाचा परत आले तेव्हा त्यांनाही विचारलं, तुम्ही कुणाला दाखवली होती का? ते म्हणाले, मला तर ती आठवतही नाहीत.

आबांना उरलेले तीन लाख दहा हजार मी तोडणीच्या संध्याकाळीच चुकते केले. पाच झाडांच्या फळाचे वेगळे नऊ हजार पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, ते तुम्ही देण्यातलं नाही. या वर्षी त्यांनी बाग दुसऱ्याला दिली.

नफा एक लाख बहात्तर हजार झाला. हमीदचा घातलेला लाख त्याला आधीच पोचला होता, नफ्यातले त्याचे शहाऐंशी हजार रुखसानाच्या हाती पाठवले, ते परत आले. निरोप होता, बबनला द्या. माझ्या मनात नव्हतं. उत्तर-दक्षिणेच्या रानांचे मालक पीकविम्याच्या मागे लागले होते, बबननं विमा उतरवला नव्हता, हे खरं. पण पैसे देणं म्हणजे गारा आम्ही पाडल्या असं लिहून देणं. ईद उलटून बरेच दिवस गेले तरी मी ते ठेवून घेतले. शेवटी रुखसाना म्हणाली की पैसे तिच्या भावाचे आहेत, माझं मत त्यात कुणी विचारलेलं नाही.

मी गेलो. बबननं अंगणातच उभं ठेवलं. पैसे मोजले, खिशात घातले आणि विचारलं, "हे हमीदचे. तुमचे?"

मी म्हणालो, "माझे कशाचे? मी तर काहीच मागितलं नव्हतं."

"तेच म्हनतो मी," बबन म्हणाला. "आमच्यासाठी बी माग म्हनलो तवा तिथं रोजेदार दोघं व्हते. न मागनारे बी दोघंच."

मी गाडीला किक मारून निघून आलो. रस्ताभर त्याला शिव्या दिल्या. पुढच्या सोमवारी बँकेतून माझ्या हिश्श्यातले निम्मे काढले आणि परत गेलो. निम्मेच का, याचाही खुलासा माझ्याकडे नाही. त्यानं घेतले, चहा विचारला नाही. बबनला पोचले एकूण एक लाख एकोणतीस हजार, त्यातले शहाऐंशी हमीदचे आणि त्रेचाळीस माझे.